केरीहून केरीला

गोव्यात केरी या नावाची गावे तीन आहेत. त्यांपैकी फोंडे महालातील केरीशी प्रस्तुत लेखाचे काही कर्तव्य नाही. उरलेल्या दोहोंपैकी एक सत्तरीत, चोर्ल्याच्या घाटाच्या पायथ्याशी, डोंगराच्या सावलीमुळे उशिरा उजाडणारे. आणि दुसरे पेडण्यात, जेथे तेरेखोलची खाडी समुद्राला मिळते तेथे, वाळूच्या पट्ट्यावर सुरूच्या बनामागे बसलेले. नावांच्या बाबतीत आमच्या मुलखाने एकंदरीत काटकसरच केलेली दिसते. सुर्ला डिचोलीत आहे तसे सत्तरीतही आहे; आणि माझे गाव डिचोली महालातील पाळी, तर माझ्या पत्नीचे माहेर पेडणे महालातील पालये. ही दोन्ही गावे लग्नपत्रिकेवर एकाखाली एक छापली गेली तेव्हा नातलगांपैकी कित्येकांना तो मुद्रणदोषच वाटला होता.

पाळीहून पालयेला जाण्याचा रस्ता ठरलेला: साखळी, डिचोली, अस्नोडा, कोलवाळचा पूल, पेडणे, आणि मग समुद्राच्या रोखाने उतार. पन्नास-साठ किलोमीटरांचे हे अंतर आम्ही चौतीस वर्षे चतुर्थीला, शिगम्याला, बारशाला आणि बाराव्याला इतक्या वेळा कापले आहे की, त्या रस्त्याने आता आम्ही जात नाही, तो रस्ताच आम्हाला नेतो. मी मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, ती मराठी प्राथमिक शाळेतून, आणि तिच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्या मार्गशीर्षात, तिच्या भावाचा, दादांचा, निरोप आला तेव्हा, ती चुलीपुढून म्हणाली, "अहो, या खेपेला लांबच्या वाटेने जाऊ या. एका केरीहून निघू आणि दुसऱ्या केरीला पोचू." मधे काय काय लागते, असे मी विचारले. "ते बघायलाच जायचे," ती म्हणाली.

मधे लागतात दोन घाट, तीन राज्ये आणि ज्यांच्या हद्दी आमच्या हयातीत किंवा आमच्या आईबापांच्या हयातीत एकदा तरी हलल्या अशा अनेक सरहद्दी.

वाहन म्हणजे माझी जुनी बुलेट, ओतीव लोखंडी इंजिनाची, उजव्या पायाने गिअर बदलण्याची. मद्रासेत १९५५ साली या गाड्यांची जुळणी सुरू झाली तेव्हापासून पुढे अर्धे शतक त्यांच्या मूळ रचनेत फारसा फरक पडला नाही, हा त्यांचा गुण म्हणावा की दोष, यावर आमच्या गावातील पायलट, म्हणजे मोटारसायकली भाड्याने हाकणाऱ्या, मंडळींत अद्याप एकमत झालेले नाही. ती सुरू करणे हा एक संस्कार आहे. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत अॅमीटरचा काटा बरोबर मध्यावर येईतो थांबायचे, डाव्या हाताशी असलेली डीकंप्रेसरची चिमुकली दांडी ओढून किक आणखी बोटभर खाली न्यायची, दांडी सोडायची, आणि मग सगळे वजन टाकून एकच लाथ. काटा मध्यावर नसताना घाई केली तर किक उलटी येते आणि नडगीवर आपली मोहोर उठवून जाते. माझ्या नडगीवर अशा दोन मोहोरा आहेत.

आम्ही निघालो तेव्हा शेजाऱ्यांनी धाडसाबद्दल कौतुक केले, ते अस्थानी होते. पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलीवर, भाडे ठरवून, मागल्या आसनावर बसून बाजाराला जाणाऱ्या बायका गोव्यात कोणी कुतूहलाने पाहत नाही. म्हापशाच्या शुक्रवारी मांडीवर टोपली आणि टोपलीत कोंबडा घेऊन बसलेल्या बाईपुढे आमचे सामान म्हणजे काहीच नव्हे. खरे धाडस १९३४ साली लंडनहून केपटाउनला निघालेल्या थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोन स्त्रियांचे, ज्यांनी बाजूला डबा जोडलेली मोटारसायकल सहारातून पार नेली. त्या प्रवासाचे पुस्तक वॉलॅक यांनी लिहिले. पण वाहन हाकणारा एक आणि बसणारा एक, अशी जेथे विभागणी असते, तेथे वाळवंट पाहिले कोणी, हा प्रश्न माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही.

कारण आमच्या प्रवासात देश पाहिला तो तिने. मी पाहिले ते खड्डे. हाकणाऱ्याची दृष्टी पुढच्या चाकापासून वीस-पंचवीस हातांवर खिळलेली असते. डावीकडे देऊळ आहे की पिंपळ, हे त्याला सावली अंगावरून गेल्यावरच कळते. वाऱ्यात आणि शिरस्त्राणात शब्द अर्धेच पोचतात म्हणून आम्ही खुणा ठरविल्या: खांद्यावर एक थाप म्हणजे सावकाश, दोन म्हणजे थांबा, आणि पाठीत एकच ठोसा म्हणजे "मघाशी सांगितले तेव्हा का थांबला नाहीत?" दर मुक्कामी ती शाळेच्या उरलेल्या हजेरीवहीत, विद्यार्थ्यांच्या नावांच्या रकान्यात, पाहिलेल्या वस्तू लिहून काढी. पुढील मजकुरात जे काही पाहिल्यासारखे वाटेल ते त्या वहीतले आहे.

वहीतील पहिली नोंद आमच्याच गावची. पाळी, वेळगे, सुर्ला, न्हावेली, आमोणे या पट्ट्यातील रस्त्यांची रुंदी माणसांच्या नव्हे, टिप्परच्या मापाने ठरली. १९५० नंतरच्या दशकात येथील लोहखनिजाला जपानचे गिऱ्हाईक मिळाले आणि डोंगर उकरून मांडवीच्या धक्क्यांवर, तेथून बार्जांत, बार्जांतून मुरगावला, अशी तांबडी रांग लागली ती साठ वर्षे. अंगणातील तुळससुद्धा तांबडी असे आणि दिवाळीला घर रंगविले तर होळीपर्यंत ते टिकत नसे. मग २०१२ च्या सप्टेंबरात काम थांबले, पुन्हा सुरू झाले, २०१८ च्या मार्चात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे काम पुन्हा बंद पडले. आता लिलाव होऊन काही ठिकाणी हालचाल आहे. धूळ बसली तेव्हा घरे पुन्हा पांढरी झाली आणि त्याच घरांत टिप्परच्या कर्जाचे हप्ते थकले. यांतील कोणते बरे, हे आम्हा पाळीकरांना कोणी विचारू नये. वहीत एवढेच आहे: "वेळग्याच्या वळणापर्यंत उभे टिप्पर १९. एकावर दुधी भोपळ्याचा वेल. दोन दुधी."

साखळीवरून आम्ही सत्तरीच्या केरीत पोचलो, अंजुणे धरणाच्या पाण्याला वळसा घातला आणि मीटरवरचा आकडा वहीत घेऊन घाट चढू लागलो. ही चढण आता पक्क्या सडकेची आहे, परंतु घाटमाथा आणि कोकण यांच्यामधली वाहतूक सडकेपूर्वीचीच आहे. मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर जात, धान्य आणि गूळ खाली येत, आणि बैलांच्या खुरांनी ज्या वाटा पाडल्या त्यांच्याच मागावर पुष्कळ ठिकाणी सरकारी इंजिनेरांनी सूत धरले. झाडी दाट आहे. दुसऱ्या गिअरमध्ये बुलेटचा आवाज दरीतून परत येतो तेव्हा मागून दुसरी बुलेट येते आहे असे वाटते, आणि मी तिला वाट देण्यासाठी दोनदा बाजूला झालो, ही गोष्ट वहीत नोंदविण्याचे सौजन्य तिने दाखविले नसते तर बरे झाले असते.

माथ्यावर कणकुंबी. येथे माऊलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. कुंडातील पाणी एवढेसे. परंतु ते पूर्वेकडे निघते, कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते आणि बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. त्याच परिसरातील कळसा नाल्याचे पाणी मात्र पश्चिमेकडे वळते, म्हादईला मिळते, आणि म्हादई खाली उतरून मांडवी झाली की आमच्या पाळीच्या शिवेजवळून वाहते. मधला उंचवटा पाहायला गेले तर भाताच्या खळ्याएवढा. या उंचवट्याच्या कोणत्या बाजूला किती पाणी उतरावे यासाठी २०१० साली लवाद नेमला गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला: गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. दप्तरात आयुष्य घालविलेल्या माणसाला दशांशचिन्हापुढील अंकांविषयी एक आदर असतो, म्हणून मी हे आकडे तिला कुंडाच्या काठावर पाठ म्हणून दाखविले. ती पायरीवर बसून ओंजळीने तोंडावर पाणी मारीत होती.

"यातले आपल्याकडे येते का?" तिने विचारले.

"हे नाही. हे तिकडे जाते. आपले पलीकडच्या ओढ्यात."

तिने पदराने तोंड पुसले. "मग आपण तोंड धुतलेले कोणाच्या हिशेबात?"

एवढ्या सोप्या प्रश्नाला माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत उत्तर सापडले नसते.

कणकुंबीपासून जांबोटीपर्यंतचा टापू खानापूर तालुक्यातला. तेथे पाटीवर कानडी, चहाच्या दुकानात मराठी आणि दुकानदाराच्या घरात तिसरीच, कोकणीला चुलत लागणारी बोली. आम्हाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आम्ही स्वतः घरी कोकणीत भांडतो आणि पत्रे मराठीत लिहितो, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्याने या दोहोंची जी व्यवस्था लावली तिच्यावरून गावात कोण कोणाशी किती वर्षे बोलत नव्हते, ते सांगायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. बेळगावात रात्रीचा मुक्काम झाला, कुंदा घेतला, दुसऱ्या दिवशी शहर मागे टाकले. शहरांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत.

शिनोळीला हद्द ओलांडली की चंदगड तालुका. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होते. बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड कोल्हापुराला जोडले गेले, तेव्हापासून एकाच शेताच्या बांधावर दोन राज्यांचे तलाठी येऊ लागले. महाजन आयोग झाला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा घातला, तो दावा आहे तेथेच आहे. आणि बांधावरची माणसे ऊस तोडून, जिकडचा काटा जवळ आणि भाव बरा तिकडे नेतात. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांगच होती. एका ट्रॉलीमागून जाताना वरून पाचटाचा पाऊस पडला. त्यातले थोडे तिच्या केसांत राहिले, थोडे गाडीत कोठे कोठे अडकले.

आणि याच रस्त्यावर मागचे चाक बसले. पाटणे फाट्याच्या अलीकडे एका टपरीत पंक्चर काढणारा तरुण होता. तो केरळचा, मराठी चंदगडी वळणाने बोलणारा. त्याने चाक उतरविले, ट्यूब फुगवून पाण्याच्या घमेल्यात बुडवीत बुडवीत फिरविली आणि बुडबुड्यांची बारीक माळ जेथून निघाली तेथे खडूने फुली मारली. मग कानसने ती जागा खरवडली, सोल्यूशन लावले, आणि ते सुकेपर्यंत ठिगळ हातात धरून तो स्वस्थ उभा राहिला. मी घाई केली. "ओले असताना चिकटवले की घाटात सुटते, काका," तो म्हणाला, आणि कोणत्या घाटाने उतरणार ते विचारून, तिलारी असे कळताच, ब्रेकही तपासून घेतले. टायरमधून निघालेला खिळा त्याने तिच्या हातावर ठेवला. तो नाल ठोकण्याचा होता, म्हणजे कोण्या बैलाचा. वहीच्या त्या दिवसाच्या पानाला तो अजून टोचून ठेवलेला आहे.

तिलारीचा घाट हा माणसांच्या जाण्यायेण्यासाठी बांधलेला रस्ताच नव्हे. वीजप्रकल्पाची यंत्रसामग्री पोचविण्यासाठी डोंगराच्या अंगात जी अरुंद पायरी खोदली, तीच पुढे लोकांच्या वहिवाटीने रस्ता झाली. उतार इतका सरळ की पहिल्या गिअरमध्येसुद्धा गाडी धरून ठेवताना मनगटे भरून येतात, आणि वळण इतके आखूड की मागच्या आसनावरील माणसाला आपला जोडीदार खाली दिसतो की वर याचा भ्रम पडावा. तिसऱ्या वळणावर ब्रेकचा जळका वास आला. खांद्यावर दोन थापा. ती उतरली, शिरस्त्राण काढून माझ्या आरशाला अडकविले, आणि "तुम्ही या मागून," असे म्हणून चालू लागली. साठी ओलांडलेली बाई घाट पायी उतरते आहे आणि नवरा बुलेटवर बसून तिच्यामागे पाय टेकीत टेकीत येतो आहे, हे दृश्य वर चढणाऱ्या एका जीपमधल्या मंडळींनी गाडी थांबवून पाहिले. धुके खालून वर येत होते. त्यात ती दिसेनाशी झाली की मी हॉर्न देई आणि खालून टाळी वाजे. हॉर्न आणि टाळी, हॉर्न आणि टाळी, असे आम्ही कोकणात उतरलो.

तिलारीचे पाणी हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा सामायिक व्यवहार, खर्चाचा ७३.३० टक्के वाटा गोव्याचा, उरलेला महाराष्ट्राचा, आणि कालवे दोडामार्गातून आमच्या डिचोली, बार्देश, पेडण्यापर्यंत गेलेले. त्या कालव्याच्या कडेकडेने दोडामार्गाला आलो तेव्हा दिवस मावळत होता, माझी कंबर जाब विचारीत होती, आणि तेथून डावीकडे वळले असते तर तासाभरात आम्ही स्वतःच्या अंगणात असतो. मी तसे सुचविले. ती काही बोलली नाही, फक्त वही उघडून रिकामे रकाने मला दाखविले.

बांद्याहून सातार्ड्याकडे आणि तेथून आरोंद्याला जाणारा रस्ता तेरेखोल नदीच्या संगतीने जातो. पलीकडच्या काठावर पेडणे. १७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल सावंत-भोसल्यांच्या सत्तेतून पोर्तुगीजांकडे गेले, 'नव्या काबिजादी' म्हणून दप्तरात चढले, आणि या नदीला सरहद्दीचा हुद्दा मिळाला. परंतु सोयरिकींनी तो कधी मानला नाही. माझ्या सासूबाई आरोंद्याच्या. १९५४ पासून सत्याग्रह आणि नाकेबंदी यांमुळे जा-ये आवळत गेली, १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला गोळीबार झाला, आणि त्यानंतर त्यांचे माहेर पाण्यापलीकडे राहिले. किरणपाण्याच्या काठावर उभे राहिले की समोर आरोंद्याचे माड दिसत, आपल्या घरामागचा वाकडा माड ओळखू येई, आणि दसऱ्याला तिकडे तोरण बांधल्याचेही दिसे, असे त्या सांगत. वडील वारले ते त्यांना सातव्या दिवशी कळले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर पहिल्या होडीने त्या गेल्या तेव्हा वाकडा माड पडलेला होता. आता तेथे पूल आहे. आम्ही पुलावर चढलो नाही. अलीकडच्या काठावर गाडी उभी केली, आणि ती बराच वेळ पलीकडे पाहत राहिली. आईने जिकडून पाहिले त्याच्या उलट बाजूने पाहणे तिला प्रथमच घडत होते. वहीत त्या ठिकाणी काहीही नाही.

रेडीला खाणीत १९७६ साली सापडलेल्या द्विभुज गणपतीचे दर्शन घेतले आणि माऊलीच्या देवळात ओटी भरली. कणकुंबीला माऊली, रेडीला माऊली, आणि पेडण्यातही माऊली. नावांची काटकसर देवींच्या बाबतीतही झाली म्हणावे, तर आमच्याकडचे लोक त्यांना एक न म्हणता बहिणी म्हणतात. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या सख्ख्या बहिणी, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण हीही त्यांतलीच. डिचोलीत तीन आणि पेडण्यात एक अशी बहिणींची पांगापांग झाल्यावर त्यांच्या उत्सवांना कोणी कोणाकडे काय न्यायचे याचे शिरस्ते पडले. सासरमाहेरचा हा नकाशा सरकारी नकाशाहून जुना आहे आणि माझ्या मते अधिक बिनचूक.

तेरेखोल किल्ला उत्तर तीरावर असून गोव्याचा. सावंतवाडीकरांनी बांधला, १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला, १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा चढविला. आज तेथे हॉटेल आहे. ओहोटीमुळे फेरीबोट खोळंबली होती. धक्क्यावर दोन मासेवाल्या, एक पाव विकणारा सायकलस्वार आणि आम्ही. पाणी चढले, बोट आली, फळी खडखडली, आणि दहा मिनिटांत आम्ही पेडण्याच्या केरीत, आजोबाच्या देवळाच्या वाटेवर होतो. मीटर पाहून तिने वहीत लिहिले: केरी ते केरी, २९१.

पालयेला दादा अंगणात सुपारी फोडत बसले होते. सकाळपासून वाट पाहत होते, हे त्यांनी न बोलता कळविले.

"कुठल्या वाटेने आलात?"

"केरीहून," ती म्हणाली.

"केरीहून यायला एवढा वेळ?" ते उठले, गाडीभोवती फिरले, वाकले, आणि सायलेन्सरच्या पट्टीत अडकलेले उसाचे एक वाळके पाते ओढून काढले. ते उजेडात धरून त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा बहिणीकडे पाहिले.

"केरीत ऊस कधीपासून लावायला लागले गो?"